नरक्याचा पत्ता

नाव ऐकून कोणी या झाडाच्या वाटेला जाणार नाही. फुलांना घाण वास येतो, म्हणून लोकांनीच त्याला नरक्या म्हटले. महाबळेश्वर-कोयनेच्या रानातले हे लहानसे झाड. १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि मूळचे आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारे द्रव्य वेगळे काढले. १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच नरक्यात सापडले. या द्रव्यावरून पुढे टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे तयार झाली. इकडे रानातल्या नरक्यावर मात्र कुऱ्हाड चालू लागली.

नरक्या पूर्वी कोठे होता आणि आज कोठे उरला, हे कोण सांगणार? वनस्पतिसंग्रह सांगतो. मी इतिहासाचा विद्यार्थी; असा संग्रह प्रथम पाहिला तेव्हा मला दफ्तरखान्याचीच आठवण झाली. दाबून वाळवलेली फांदी जाड कागदावर शिवलेली, आणि कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याचे नाव, तारीख, गाव. असे कागद पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे आहेत, मुंबईच्या सेंट झेवियर्समधील ब्लॅटर संग्रहात आहेत, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आहेत. इंग्रजी अमदानीत गेलेले तर थेट लंडनजवळच्या क्यू उद्यानात.

आता या कागदांची छायाचित्रे काढून चिठ्ठीचा मजकूर संगणकात भरला जात आहे. सर्वेक्षणाचा भारतीय आभासी वनस्पतिसंग्रह २०२२ साली खुला झाला. मोठा लाभ नावांचा. आपला नरक्या शास्त्रीय भाषेत आधी मॅपिया फेटिडा, मग नोथापोडायटीस फेटिडा आणि आता नोथापोडायटीस निमोनियाना. कपाटात ही तीन बिऱ्हाडे; जुनी-नवी नावे जोडून दिली, की संगणकात एकच कुटुंब! जुन्या तारखांवरून फुलण्याचा काळ सरकला का, हेही पडताळता येते. अर्थात छायाचित्रातून औषधी द्रव्य निघत नाही. त्यासाठी पानाचा तुकडाच लागतो. पण कोणत्या कपाटात हात घालायचा, हे सांगलीत बसून कळते, हे काय थोडे झाले?

अडचण आहे ती गावाच्या ओळीची. इंग्रजांनी कानाला वाटेल तसे लिहिलेले नाव दूरच्या कारकुनाने कसे लावावे? आपल्याकडे एका नावाच्या वाड्या किती! येथे वनस्पतिशास्त्रापेक्षा आपल्या भागाची माहिती उपयोगी पडते, आणि ते काम आपल्यासारख्या कला शाखेच्या मुलांनाही जमण्याजोगे आहे.

परंतु गाव अचूक लावले, की तोडणाऱ्यालाही आयता पत्ता मिळतो. म्हणूनच दुर्मीळ जातींचे अक्षांश-रेखांश मुद्दाम मोघम ठेवण्याची पद्धत जगभर रूढ होत आहे. ज्ञान सर्वांना खुले हवे, असे मानणाऱ्या माझ्या काही मित्रांना हे खटकते. मला नाही. फांदीचे चित्र सर्वांनी पाहावे. नेमकी जागा ज्याला हवी, त्याने कोण, कशासाठी हे सांगून संग्रहपालांकडे रीतसर अर्ज करावा.