मोबाइलवरचा इशारा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाऊस, वीज, पूर आणि भूकंप यांविषयीची शास्त्रीय माहिती आता एक्स, फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरून थेट लोकांपर्यंत पोहोचते. भारतीय हवामान विभाग आणि दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र यांची अधिकृत खाती आहेत. शिवाय हवामान विभागात काम केलेल्या के. एस. होसाळीकर यांच्यासारखे शास्त्रज्ञ उपग्रह आणि रडारची चित्रे स्वतःच्या खात्यावरून सोप्या शब्दांत समजावत आले आहेत. हवामानाच्या इशाऱ्यात साधारणपणे ठिकाण, मुदत आणि शक्यता या तीन गोष्टी असतात. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एखाद्या ग्रुपवर तो पोहोचेपर्यंत या गोष्टी गळून पडल्या, तर खरी माहितीसुद्धा दिशाभूल करते. पुढचे बहुतेक गैरसमज तिथूनच जन्मतात.

गैरसमज: रेड अलर्ट असूनही आपल्या पेठेत पाऊस झाला नाही, म्हणजे अंदाज चुकला.

वस्तुस्थिती: अलर्ट जिल्ह्यासाठी असतो, पेठेसाठी नव्हे. माढ्यात धो धो आणि सोलापूर शहरात भुरभुर, असे एकाच दिवशी घडू शकते. रंग सांगतो तो सज्जतेचा टप्पा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार पाऊस मानला जातो.

गैरसमज: वादळाच्या पोस्ट किनाऱ्यावरच्या लोकांसाठी असतात.

वस्तुस्थिती: १३ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातील तीव्र कमी दाबाचे क्षेत्र काकीनाड्याजवळ जमिनीवर आले आणि तेलंगणमार्गे पश्चिमेकडे सरकले. दुसऱ्याच दिवशी सोलापूर जिल्ह्याला पावसाने झोडपले. पंढरपुरात कुंभार घाटावर भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. प्रणाली कोणत्या दिशेने सरकते आहे, हे उपग्रहाच्या लागोपाठच्या चित्रांतून दिसते. म्हणून समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांनीही ती पाहायला हवीत.

गैरसमज: हवामान विभागाचा इशारा कधीही फॉरवर्ड केला तरी उपयोगाचाच.

वस्तुस्थिती: विजांच्या कडकडाटासह पावसाचा तात्काळ इशारा साधारण तीन तासांपुरता असतो. दुपारी चारला निघालेला इशारा रात्री नऊला शिळा झालेला असतो. स्क्रीनशॉट काढताना वरची तारीख-वेळ कापली गेली, की तोच संदेश पुढच्या आठवड्यातही ताजा वाटतो. विजेसाठी ‘दामिनी’ हे ॲप पाहणे अधिक बरे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते विकसित केले असून, आपल्या ठिकाणाच्या २० आणि ४० किलोमीटर परिसरातील विजांची सूचना ते देते.

गैरसमज: विमाने फिरवून शास्त्रज्ञ ढग पळवतात किंवा हवा तेव्हा पूर आणतात.

वस्तुस्थिती: याच संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. योग्य ढग असतील तरच त्यांच्या तळाशी क्षारकण सोडता येतात; कोरड्या आभाळातून पाऊस पाडता येत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वाऱ्याच्या दिशेला १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सुमारे १८ टक्के वाढला. एवढ्या मर्यादित वाढीतून जिल्हाभर पूर येत नाही.

गैरसमज: ‘आज रात्री मोठा धक्का बसणार’ हा मेसेज भूकंपशास्त्रज्ञांचा असतो.

वस्तुस्थिती: भूकंपाची तारीख, वेळ, ठिकाण आणि तीव्रता आधी सांगण्याची पद्धत जगात कोणाकडेही नाही. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र धक्का बसून गेल्यानंतर त्याची नोंद प्रसिद्ध करते. ३ एप्रिल २०२५ रोजी सांगोल्याजवळ झालेल्या २.६ तीव्रतेच्या सौम्य भूकंपाची माहितीही अशीच नंतर मिळाली. त्यामुळे येणाऱ्या धक्क्याची वेळ सांगणारा संदेश, त्याखाली कोणाचेही नाव असो, पुढे पाठवू नये.

धोका कुठे आहे आणि जीवितहानी कशामुळे होते, हे मात्र शास्त्र आधी सांगू शकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यातील बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदांखाली दबली. म्हणून भूकंपाविषयीच्या शास्त्रज्ञांच्या पोस्टमध्ये सर्वांत मोलाचा भाग असतो तो घर मजबूत कसे करावे, याचा.