सोन्याचा कस आणि सहा अक्षरांची खूण

लेकीच्या अंगावर घातलेले सोने हे तिचे स्त्रीधन, कुटुंबाच्या अनेक वर्षांच्या काटकसरीचे फळ. अडचणीच्या वेळी ते मोडायला न्यावे आणि तेव्हा कस कमी निघावा, यासारखे दुःख नाही. पण सराफ पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा. त्याला विचारणे म्हणजे अविश्वास, असा संकोच आपल्या मनात असतो. तो प्रथम दूर केला पाहिजे.

पूर्वी कसोटीच्या दगडावर उमटलेली रेघ पाहून पारखी नजर कस ठरवी. २००० साली भारतीय मानक ब्युरोने सोन्यासाठी हॉलमार्क सुरू केला. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. दागिन्यावर आता तीन खुणा असतात : ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा अंक आणि अक्षरे व अंक मिळून झालेला सहा स्थानांचा एचयूआयडी क्रमांक. २२ कॅरेटला ९१६, १८ कॅरेटला ७५० आणि १४ कॅरेटला ५८५ हे अंक असतात. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने.

खूण दिसली एवढ्यावर समाधान मानू नये. भिंगातून क्रमांक वाचून तो 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये भरावा. सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार व शुद्धता समोर येते. हातात बांगडी आणि नोंद अंगठीची असेल, तर खरेदी तेथेच थांबवावी. पावतीवर प्रत्येक डागाचे निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचे शुल्क वेगळे लिहून घ्यावे.

तरीही शंका उरल्यास मान्यताप्राप्त केंद्रात शुल्क भरून तपासणी करता येते. समजा, २० ग्रॅमच्या बांगडीवर ९१६ आहे, पण कस ८३३ निघाला. शुद्ध सोने १८.३२ ग्रॅमऐवजी १६.६६ ग्रॅम भरले, तूट १.६६ ग्रॅमची. २०१८ च्या नियमांनुसार अशा तुटीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचे शुल्क ग्राहकाला मिळाले पाहिजे. म्हणून पावती जपून ठेवावी.

दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे डाग, तसेच कुंदन, पोलकी व जडाऊ काम यांना सक्तीतून सूट आहे. आजीच्या पाटल्यांवर हॉलमार्क नसला, तरी त्या सराफाला विकता येतात. मात्र आधी कस तपासून घ्यावा.

आपल्यापैकी अनेकांची स्वतःचीच सराफी पेढी आहे. खोटे माप आणि भेसळीचा व्यवहार हे तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे अतिचार म्हणून सांगितले आहेत. तेव्हा गिऱ्हाइकाने मागण्याआधीच भिंग त्याच्या हाती द्यावे. विचारणाऱ्याने संकोचू नये आणि दाखवणाऱ्याने रागावू नये. पेढीची पत यानेच वाढते.