त्रास नाही, मग तपासायचं कशाला?

डोंबिवलीतली सोसायटी असो की ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली वस्ती, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी म्हटली की आधी हेच विचारलं जातं. दुसरा प्रश्न बहुतेकींच्या मनातच राहतो: तपासणारी बाईच असेल ना?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिला की पेशी बिघडू लागतात, आणि त्यातून कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. त्या काळात ना दुखतं, ना खुपतं. एवढी सवड देणारे कर्करोग फार थोडे!

तपासणीसाठी टेबलावर गुडघे मुडपून झोपायचं, अंगावर चादर असते. स्पेक्युलम हे उपकरण योनीमार्गात सरकवताना गार लागतं, दाब जाणवतो. श्वास रोखला की अंग आवळतं आणि जास्त दुखतं, म्हणून जाणत्या सिस्टर बाईला बोलतं ठेवतात. मग गर्भाशयमुखावर पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावून मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी दिसते. पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे, पुढची तपासणी लागेल एवढाच त्याचा अर्थ. हे आधीच सांगायला हवं. नाहीतर घाबरलेली बाई पुन्हा फिरकत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या मुंबईनेच दिलं आहे. टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने १९९८ पासून तिथल्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी हीच तपासणी झाली, आणि ती केली दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या बायकांनी. ८९ टक्के स्त्रिया तपासणीला आल्या. बारा वर्षांनंतर तिथले या कर्करोगाचे मृत्यू बाकीच्या वस्त्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी भरले. बायका येत नाहीत, ही तक्रार मग कुठे उरते?

तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झालेली होती. सरकारी धोरण तर तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासा म्हणतं. पहाटे डबे भरून लोकल गाठणारीला त्यासाठी अर्धा दिवस रजा टाकावी लागते, ही खरी अडचण आहे आणि ती घरच्यांनी मिळून सोडवायची आहे.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, या पालिकेच्या रुग्णालयांत चौकशी करता येते. पाळीचे दिवस टाळावेत, आधीचे दोन दिवस योनीमार्गात औषध वापरू नये. सोबत बहीण किंवा जाऊ असली तर उत्तम. आणि दुखलं तर "थांबा" म्हणावं. डॉक्टरांना थांबावंच लागतं.