सारखाच मार, वेगळी इजा

आठवीच्या वर्गात स्नायूंचा पाठ चालू होता. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "मॅडम, तारिक गार्डनमधला तो छोटा मुलगा कसा वाचला?" महाडच्या शाळेत हा प्रश्न कधीतरी येणारच.

२४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी काजळपुऱ्यातली ती पाच मजली इमारत कोसळली. १६ जण गेले. चार वर्षांचा एक मुलगा सुमारे १९ तासांनी आणि साठीच्या एक खातून सुमारे २६ तासांनी जिवंत निघाल्या. माणसे वाचतात ती आधी पोकळीमुळे. लहान देह स्लॅब आणि खांबाच्या मधल्या जागेत मावतो. पण शरीर कशाचे बनले आहे, याचाही हिशेब असतो, आणि तो थोडा उलटा आहे.

मांडी किंवा पोटरी तासन्‌तास दाबली गेली की तिथले स्नायू मरू लागतात. त्यांच्यातले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन तिथेच अडकून राहते. वजन उचलले की ते एकदम रक्तात उतरते. हृदय थांबू शकते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. बाहेर काढताना बोलत असलेला माणूस थोड्या वेळात जातो, तो यामुळे. १९४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना डॉक्टर बायवॉटर्स यांनी हे नोंदवले. याला क्रश सिंड्रोम म्हणतात. म्हणजे जितका दाबलेला स्नायू जास्त, तितके विष जास्त. पिळदार मांड्यांच्या तरुणाला इथे धोका अधिक, लहान मुलाला कमी. म्हणून शक्य असेल तर ढिगारा हलवण्याआधीच सलाइन सुरू करतात. दरडींच्या आपल्या भागात हे प्रत्येकाला ठाऊक हवे: कोणाचा पाय तासाभराहून जास्त दबला असेल तर ओढाताण करू नका, किती वेळ दबला आहे ते पथकाला सांगा. छाती किंवा मान दबली असेल तर मात्र थांबू नका, आधी ती मोकळी करा.

चरबीचे काय? गाडीच्या धडकेत पोटावरची चरबी मार थोडा झेलते. पण जड शरीर त्याच वेगाने जास्त जोराने आदळते, पाय मोडण्याचे प्रमाण वाढते आणि पुढे श्वासाचा त्रासही. आणि २८ जुलै २०१८ ला पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात बस दरीत गेली, तीसहून अधिक माणसे गेली, एकच वाचला. तिथे कसले स्नायू अन्‌ कसली चरबी.

घरातले पडणे मात्र रोजचे आहे. आमच्या अम्मी पावसाळ्यात वजूच्या नळाजवळ शेवाळावर घसरल्या. वजन ४२ किलो. खुब्याचे हाड मोडले. आठवडाभरात शेजारच्या खाला, चांगल्या भरलेल्या, त्याच फरशीवर पडल्या. काळानिळा डाग आणि दुखरे मनगट, एवढ्यावर भागले. खुब्यावर मांसाची गादी नसेल तर सगळा धक्का हाडावर येतो, आणि म्हाताऱ्या हाडात दम उरलेला नसतो. त्याआधीच मांडीचे स्नायू झिजलेले असतात, त्यामुळे तोल सावरता येत नाही. "आम्ही कमी खातो" हे आपल्याकडच्या बायका अभिमानाने सांगतात, ते मला पटत नाही. सुकट, अंडी, कुळीथ, नाचणी म्हाताऱ्यांच्या ताटात आधी पडायला हवी.

गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर नमाज अदा करणाऱ्यांचा दिवसभराचा उठण्या-बसण्याचा व्यायाम सुटतो. डॉक्टरांना विचारून, भिंतीजवळ खुर्ची ठेवून, हातांचा आधार न घेता दहा वेळा उठून बसा. अम्मींना सहाव्या महिन्यात चार वेळा जमू लागले. नळाजवळची फरशी आम्ही आता दर जुम्माला ब्रशने घासतो.