तिळूची आंघोळ झाली का?

दर रविवारी संध्याकाळी लेकीचा फोन येतो. गेल्या ऑगस्टपासून ती कॉलेजात, घरापासून साडेचार तासांवर. फोन उचलला की आईची चौकशी नाही, बापाच्या गुडघ्याची तर नाहीच नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "बाबा, तिळूची आंघोळ झाली का?"

तिळू म्हणजे आमच्या घरातला चौथा आणि आता सई गेल्यामुळे तिसरा सभासद. जातीने चिंचिला. मोठे गोल कान, खारीसारखी झुपकेदार शेपूट, वजन जेमतेम सव्वा पौंड आणि रंग राखाडी. संक्रांतीच्या आठवड्यात घरात आला म्हणून नाव तिळू. मंडळी, आपल्यापैकी ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांची मुलं आहेत त्यांना पुढची कहाणी सांगायला नको. मुलीला कुत्रा हवा होता. हिने सांगितलं, घरात कुत्रा आला तर मी बाहेर. मांजराची मला अ‍ॅलर्जी. वाटाघाटी होत होत गाडी चिंचिलावर येऊन थांबली. दुकानदार म्हणाला, "फार सोपा प्राणी, वास नाही, आवाज नाही, आंघोळसुद्धा घालावी लागत नाही, तो स्वतःच करतो!" हा प्राणी सहज पंधरा वर्षं जगतो, कधी कधी वीससुद्धा, हे मात्र तो बोलला नाही. सई तेव्हा बारा वर्षांची होती. गणित मी घरी आल्यावर केलं.

तर आंघोळ. चिंचिला पाण्याने नव्हे, धुळीने आंघोळ करतो. एका खोलगट भांड्यात दोन-तीन इंच बारीक पूड घालून समोर ठेवली की हा आत उडी मारतो आणि डावीकडून उजवीकडे असा काही गरागरा लोळतो की बघणाऱ्याला चक्कर यावी. दहा मिनिटांत बाहेर येतो, अंग झाडतो आणि कापसासारखा मऊ होऊन बसतो.

माझी आई कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आली होती तेव्हा तिने हा सोहळा प्रथम पाहिला. आंघोळ केल्याशिवाय चहासुद्धा न घेणारी बाई. म्हणाली, "अरे, ही कसली आंघोळ? ही तर आंघोळ करायच्या आधीची अवस्था!" सईने तिला समजावायचा प्रयत्न केला, पण आईचं लक्ष लोळणाऱ्या तिळूकडे होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आपल्याकडे चिमण्या करतात बघ अंगणात, तशी. चिमण्या धुळीत लोळल्या की पाऊस येतो म्हणतात." आणि मग, "तुझे आजोबा तालमीत जायचे ना, ते सगळ्या अंगाला लाल माती चोळायचे. घाम टिपते म्हणायचे माती."

मी एम. एस. करताना हीट ट्रान्स्फरचे दोन कोर्स केले, पण इतकं नेमकं उत्तर मला सुचलं नव्हतं. टिपणे हेच तर त्या धुळीचं काम! आपल्या डोक्यावर एका छिद्रातून एक, दोन, फार तर तीन-चार केस येतात. चिंचिलाच्या एकेका छिद्रातून साठाच्या आसपास येतात. जमिनीवरच्या प्राण्यांमध्ये याच्याइतका दाट केसाळ प्राणी नाही. या दाटीत पाणी शिरलं की लवकर वाळत नाही. अंग गारठतं, कातडीला बुरशी धरते. उलट अंगातून सुटणारं तेल तसंच राहिलं तर केस चिकटून त्यांच्या बटा होतात आणि थंडीपासून बचाव करणारी मधली हवा जाते. ज्या अँडीज पर्वतातून हा प्राणी आला तिथे पाणी दुर्मिळ, हवा कोरडी, पण ज्वालामुखीची पिठासारखी बारीक राख हवी तितकी. ती कातडीपर्यंत पोचते, तेल आणि ओल शोषते आणि अंग झाडलं की बाहेर पडते.

म्हणून पूड कोणती हे महत्त्वाचं. दुकानात चिंचिलासाठी म्हणून जी ज्वालामुखीच्या दगडाची बारीक पूड मिळते तीच घ्यावी. तिच्या शेजारीच कधी कधी वाळूची पिशवी असते, ती घेऊ नये. वाळूचे कण जाड आणि धारदार, केस तोडतात आणि आतपर्यंत जातही नाहीत. आईने काटकसरीपोटी तीन पर्याय सुचवले होते, रांगोळी, चुलीतली राख (चूल न्यू जर्सीत कुठून आणणार ते तिने सांगितलं नाही) आणि तिच्या बॅगेतला सुगंधी पावडरचा डबा. तिन्ही सविनय परत केले. सुगंधी पावडर तर या प्राण्याच्या फुफ्फुसांना वाईट.

आता थोडं आडवळण. अमेरिकेतले बहुतेक पाळीव चिंचिला ज्या मूठभर प्राण्यांचे वंशज आहेत ते १९२३ साली इथे आले, आणि त्यांना आणणारा माणूस इंजिनियर होता! मॅथायस चॅपमन हा चिलीत तांब्याच्या खाणीवर नोकरीला होता. तोपर्यंत या मऊ कातडीपायी लाखो चिंचिला मारले गेले होते. एका लांब कोटाला शंभराहून जास्त कातडी लागतात. १९१० साली चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पेरू यांनी मिळून शिकारीवर बंदी आणली, पण तेव्हा उरले होतेच किती? चॅपमनने माणसं लावून अकरा चिंचिला मिळवले, उंच डोंगरावरून टप्प्याटप्प्याने खाली आणले आणि बर्फाने पिंजरे गार ठेवत बोटीने कॅलिफोर्नियाला नेले. हेतू काही भूतदयेचा नव्हता, त्याला कातडीचीच शेती करायची होती. चिलीत इल्यापेल गावाजवळ १९८३ पासून त्यांच्यासाठी राखीव जंगल आहे, तरी रानातला चिंचिला अजून धोक्यातच आहे. परदेशी नोकरीला गेलेला इंजिनियर येताना काय काय घेऊन येतो बघा. आपण लोणच्याच्या बरण्या आणतो.

असो. मूळ प्रश्न, आंघोळ किती वेळा? इथे माझ्या चुकीची कबुली द्यायला हवी.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये सई तीन आठवडे कॅम्पला गेली आणि तिळूचा चार्ज माझ्याकडे आला. मी विचार केला, रोज भांडं आत ठेवा, बाहेर काढा, चाळा, ही कटकट कशाला? भांडं कायमचं पिंजऱ्यातच ठेवून दिलं. आपल्या धंद्यात याला ऑटोमेशन म्हणतात. जितकी आंघोळ जास्त तितका प्राणी स्वच्छ, असा आपला ब्राह्ममुहूर्तावरचा हिशेब. दहा-बारा दिवसांत तिळूने त्याच भांड्याचा संडासही केला. मग डोळे लाल, पाणी वाहतंय, कातडीला कोंडा, सारखं खाजवणं. सई परत आली त्याच दिवशी आम्ही त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. साधे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर चिंचिला बघत नाहीत, त्यामुळे चाळीस मैल. डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, "भांडं किती वेळ आत असतं?" मी म्हटलं, "चोवीस तास." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. डोळ्यांत घालायचे थेंब दिले आणि डोळे बरे होईपर्यंत आंघोळ बंद. परतीच्या वाटेवर सई मांडीवर पेटी घेऊन बसली होती. चाळीस मैल एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हा ठरलेलं वेळापत्रक असं. कोरड्या हवेत आठवड्यातून दोनदा. आपल्याकडे हिवाळ्यात हीटिंग चालू झालं की घरातली हवा पापडासारखी कोरडी होते, तेव्हा दोनदा पुष्कळ, कोंडा दिसला तर एकदाच. उन्हाळ्यात दिवसाआड, आणि ऑगस्टमधल्या चिकचिकीत अगदी रोज घातली तरी चालते. प्रत्येक वेळी दहा ते पंधरा मिनिटं, मग भांडं बाहेर. पूड चाळून पुन्हा वापरता येते, पण घाण किंवा ओल दिसली की सरळ टाकून द्यावी. अंगावर जखम असेल, डोळे आले असतील तर आंघोळ नाही. मादी नुकतीच व्यालेली असेल तरी काही दिवस थांबावं. आणि हे सगळं बाथरूममध्ये दार लावून करावं, नाहीतर ती धूळ घरभर होते. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी तर जवळ थांबूच नये.

एक मात्र आंघोळीने सुटत नाही, ते म्हणजे उष्मा. घरात ऐंशी अंश फॅरनहाइटच्या वर पारा गेला तर एवढा दाट कोट घातलेला प्राणी उष्माघाताने मरू शकतो. म्हणून तिळू बेसमेंटमध्ये राहतो, डीह्युमिडिफायर आणि एअर कंडिशनरसह. विजेचं बिल आम्ही वर राहून भरतो.

मी पिंजऱ्याजवळ आर्द्रता मोजायचं यंत्र लावलं आणि कॉम्प्युटरवर तक्ता केला. सईने तो कधी उघडूनही पाहिला नाही. तिची पद्धत वेगळी, कुशीच्या केसांत बोट घालून बघायचं. बोट सरळ आत गेलं आणि केस परत उभे राहिले तर ठीक. केस चिकट लागले, बटा दिसल्या तर भांडं काढा. चार महिने मी माझा आकडा आणि तिचं बोट ताडून पाहिलं. बहुतेक वेळा दोन्ही जुळत. जेव्हा जुळत नसत, तेव्हा तिचं बोट बरोबर असे.

ती कॉलेजला जायच्या आदल्या रात्री आम्ही दोघं बेसमेंटमध्ये बसलो होतो. तिने माझं बोट धरून त्याच्या केसांत घातलं. "असं लागलं तर उद्या. असं लागलं तर आज." हिने वरून दोनदा हाक मारली, बॅगा भरायच्या राहिल्या होत्या. ती उठली नाही.

थँक्सगिव्हिंगला ती घरी आली. बूटही न काढता आधी खाली. मी जिन्यातच उभा राहिलो. तिळूला मांडीवर घेऊन तिने बोट फिरवलं, एकदा, परत एकदा, आणि वर बघून म्हणाली, "बाबा, मंगळवार चुकला ना?"

चुकला होता. ऑफिसात उशीर झाला होता.