‘कऱ्हाड’ लिहिताना मध्ये कोण येते?

सातारा जिल्ह्यातले हे गाव बोलण्यात ‘कराड’ असले, तरी जुन्या वळणाने लिहिणारे आजही ‘कऱ्हाड’ लिहितात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्यासाठी बोटे ठरलेल्या वाटेने जावी लागतात: के, मग शिफ्ट धरून जे, नंतर डी, यू, ई आणि शेवटी डावा चौकटी कंस. शिफ्ट विसरली, की ‘ह’वर रफार चढतो आणि गावाचे ‘कर्हाड’ होते. दऱ्याखोऱ्या, बिऱ्हाड, तऱ्हा यांची गोष्टही तीच. पण 1986 साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण ठरवलेल्या या कळफलकाचा भरवसा मोठा आहे. जे बटण दाबाल, तेच अक्षर उमटते.

लुडबुड होते ती पुढे, एडिटरमध्ये.

सांगलीत एखाद्या खरेदीखताचा मसुदा टाइप होत असतो. सहीची जागा दाखवायला ऑपरेटर तीन आडव्या रेघा मारून एंटर दाबतो आणि वर्ड त्यांची पानभर लांब रेघ करून टाकते. ती खोडायला जावे तर कर्सर तिच्यावर बसतच नाही, कारण ते अक्षर नसते, वरच्या परिच्छेदाची किनार असते. इंग्रजी मसुद्यात पोटकलमासाठी कंसात ‘सी’ लिहिला, की त्याचे कॉपीराइटचे चिन्ह होते. कंसातला मराठी ‘क’ मात्र सुखरूप राहतो. या दोन्ही सोयी मुळातच सुरू असतात. त्या कुणी मागितलेल्या नसतात.

मग काय सुरू असावे? कंट्रोल-सी, कंट्रोल-झेड नक्कीच, कारण ते सांगितल्याशिवाय काही करत नाहीत. इन्सर्टचे बटण एकेकाळी चुकून दाबले गेले, की पुढची अक्षरे खात सुटायचे. 2007 च्या वर्डपासून त्याचे हे काम मुळातच बंद ठेवले गेले, आणि ते योग्यच झाले. ईमॅक्स हा जुना एडिटर तर निवडलेला भाग सोडून बाकी मजकूर नजरेआड करणारी आज्ञा पहिल्यांदा दिली, की थांबून विचारतो: नवख्याचा यात गोंधळ होतो, खरेच वापरायची का?

2024 मध्ये विंडोज 11 च्या नोटपॅडमध्ये आपोआप दुरुस्ती आली. ती सुरू ठेवूनच दिली गेली, पण लॉग आणि प्रोग्रॅमच्या फायलींसाठी बंद ठेवली, कारण तिथे एक अक्षर बदलले तरी काम बिघडते. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक आणि गावाचे नाव यांनाही हाच न्याय लागू व्हायला हवा.

तोवर एवढे करावे. रेघ उमटताच कंट्रोल-झेड दाबावे. आपल्या तीन रेघा परत येतात. कायमचा बंदोबस्त फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेने गेल्यावर ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’मध्ये सापडतो. तिथे ‘बॉर्डर लाइन्स’समोरची खूण काढावी.