रॉड्रिग्जच्या रानकॉफीला पुन्हा बीज धरले

मराठी भाषकांच्या जुन्या वस्तीमुळे मॉरिशस महाराष्ट्रास परिचित आहे. त्याच राष्ट्राचा भाग असलेले रॉड्रिग्ज बेट मात्र तितकेसे ठाऊक नाही. मॉरिशसच्या पूर्वेस सुमारे ५६० किलोमीटरवरील या बेटाचे क्षेत्रफळ अवघे १०८ चौरस किलोमीटर आहे. मनुष्यवस्ती झाल्यानंतर तेथे जंगलतोड झाली, शेळ्यागुरे मोकाट चरू लागली आणि अनेक देशी वनस्पती नामशेष झाल्या.

‘काफे मारों’ म्हणजेच रानकॉफी ही त्यांतच जमा झाली होती. कॉफीच्या कुळातील हे लहानसे झाड मूळचे केवळ याच बेटावरचे होय. त्याची फुले शुभ्र व तारकाकृती असतात. रोपट्याची पाने लांब, अरुंद व तपकिरी, तर वाढलेल्या झाडाची रुंद व हिरवी असतात. बेटावर पूर्वी असलेल्या महाकाय कासवांपासून बचावासाठी निसर्गाने ही योजना केली असावी, असे तज्ज्ञ मानतात.

१९८० च्या सुमारास रेमंड आ-की या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना स्थानिक वनस्पतींचे नमुने आणावयास सांगितले. एका मुलाने आणलेली डहाळी रानकॉफीची निघाली! परंतु संपूर्ण बेटावर ते एकच झाड उरले होते. औषधी समजून लोक त्याच्या फांद्या तोडू लागले, तेव्हा त्यास कुंपण घालावे लागले.

१९८६ मध्ये त्याच्या फांद्यांचे छाट लंडनच्या क्यू उद्यानात नेण्यात आले व त्यांतून झाड जगले. त्यास फुले येत. फळ मात्र धरत नसे. छाटापासून झालेली सर्व झाडे मूळ झाडाचीच प्रतिरूपे असतात. एखाद्या रोगाने सर्वच झाडे एकदम नष्ट होण्याचा धोका त्यामुळे संभवतो. बी धरल्याखेरीज जात खऱ्या अर्थाने वाचत नाही.

परागकण कुक्षीवर पडूनही परागनलिका बीजांडापर्यंत पोहोचत नव्हती. कार्लोस माग्दालेना या उद्यानतज्ज्ञांनी कुक्षीचा वरचा भाग कापून तेथे परागकण लावण्याचे प्रयोग चिकाटीने केले. अखेर २००३ मध्ये फळ धरले व बी मिळाले. बियांपासून वाढलेल्या झाडांनाही पुढे फळे आली आणि ते बी रॉड्रिग्जला पाठविण्यात येऊन तेथे रोपे तयार झाली.

शास्त्रज्ञांच्या परिश्रमाचे हे फळ खरेच. परंतु त्याचा आरंभ गावच्या शाळेतील एका साध्या अभ्यासातून झाला.